आधी खोली, मग स्पीकर

नाशिक जिल्ह्यातल्या कळवणला मोठ्या आवाजाचे अप्रूप नाही. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास सप्तशृंगगडाकडे निघालेले खानदेशातले पदयात्री वाजतगाजत चाललेले असतात. डोंगऱ्यादेवाच्या दिवसांत आदिवासी पाड्यांवर रात्र-रात्र पावरी घुमते आणि तिच्या सुरावर माणसे फेर धरून नाचतात. लग्नसराईत डीजेच्या पेट्या गाडीवर चढतात. या सगळ्या आवाजांच्या डोक्यावर मोकळे आभाळ असते. आवाज निघतो, पसरतो, डोंगराकडे निघून जातो. चार भिंतींच्या आत, एका खुर्चीत बसून जवळून ऐकायचा आवाज हे प्रकरणच वेगळे. तिथे आवाजाला जायला वाट नसते. तो भिंतींवर आपटून परत येतो, आणि कानावर पडते त्यात स्पीकरचे किती आणि खोलीचे किती, हे वेगळे काढणे अवघड होऊन बसते.

पुढच्या प्रकरणांचा विषय हाच आहे: घरातल्या ऐकण्याच्या खोलीसाठी चांगल्या दर्जाची, वीस-पंचवीस वर्षे साथ देईल अशी स्पीकरची जोडी कशी निवडावी. मराठीत गाण्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. गायकांची चरित्रे आहेत, मैफलींच्या आठवणी आहेत, रागांची चर्चा आहे. पण ते गाणे घरात ज्या पेटीतून येते, तिच्याबद्दल लिहिलेले फारसे हाती लागत नाही. घेणारा माणूस मग दुकानदाराच्या शब्दावर किंवा किमतीच्या आकड्यावर विसंबतो. दोन-तीन लाखांची वस्तू घेताना एवढा आधार पुरेसा नाही.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्याची अडचण आणखी मोठी. कळवणहून नाशिक सत्तर-ऐंशी किलोमीटर. चार नामांकित जोड्या शेजारी-शेजारी मांडून ऐकायच्या, तर बहुधा मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. तिथे दालनात जाड गालिचा असतो, भिंतींवर आवाज शोषणारे पट्टे असतात, सोफे जड असतात. अर्धा तास ऐकून मन भरते, व्यवहार होतो. तीच जोडी घरी, फरशी आणि गिलाव्याच्या खोलीत लागली की डग्गा ढम-ढम करू लागतो आणि सतारीच्या तारा कानाला टोचतात. पेटी तीच असते. बदललेली असते ती खोली.

कळवणकराच्या हातात मात्र एक गोष्ट अशी आहे, जी मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मिळत नाही. इथे लोक अजून स्वतःचे घर स्वतः बांधतात. वरच्या मजल्यावरची एखादी खोली किती लांब, किती रुंद, स्लॅब किती उंचीवर, हे गवंड्याला सांगण्याची संधी असते. या पुस्तकाचा आग्रह म्हणूनच असा आहे की स्पीकरचा विचार खोलीपासून सुरू व्हावा, आणि जमले तर स्लॅब पडण्यापूर्वी.

त्यामागचे गणित शाळेतले आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर, म्हणजे साधारण ११३० फूट जातो. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या आवाजाच्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, तो आवाज त्या खोलीत घुमतो. १२ फुटांच्या अंतरात सुमारे ४७ हर्ट्झचा, १० फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झचा. आता आपल्याकडची नेहमीची खोली घ्यावी: १० बाय १२, उंची १०. रुंदी आणि उंची एकच असल्यामुळे ५६ हर्ट्झची घुमणी दोन बाजूंनी एकाच जागी येऊन बसते आणि दुणावते. शिवाय लांबी-रुंदी आणि लांबी-उंची यांच्या तिरप्या घुमण्या ७३-७४ हर्ट्झला पडतात, त्याही जोडीने. पांढरी दोनमध्ये गाणाऱ्याचा खर्ज नेमका ७३ हर्ट्झच्या आसपास असतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेत मूळ स्वरापेक्षा वरचे स्वर जास्त बोलतात, म्हणून तिथे दोष चटकन कळत नाही. डग्ग्यावर मात्र तो लपत नाही. एक थाप गोल आणि भरदार, दुसरी फुगलेली आणि लांबत जाणारी ऐकू आली, तर आधी खोलीकडे बघावे. तबलजीचा त्यात बहुधा काही दोष नसतो.

हीच खोली १२ बाय १५ आणि उंची १० अशी झाली, तर मुख्य घुमण्या सुमारे ३८, ४७ आणि ५६ हर्ट्झवर विखुरतात. एकमेकींच्या अंगावर चढत नाहीत. विटा आणि सिमेंट थोडे वाढेल, पण तेवढ्या पैशात एवढा फरक पाडणारे यंत्र बाजारात मिळत नाही. चौरस खोली, किंवा कुठलीही दोन मापे सारखी असलेली खोली, तेवढी टाळावी.

खोली आधीच बांधलेली असेल तरी हात टेकायचे कारण नाही. जागा बदलता येते. स्पीकरचा वूफर, म्हणजे खालचे सूर देणारा मोठा कोन, पेटीमागच्या भिंतीपासून २ फुटांवर असला, तर भिंतीवरून परत आलेला आवाज सुमारे १४१ हर्ट्झला मूळ आवाजाच्या उलट पडतो आणि त्याला खातो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झ. म्हणजे गायक ज्या स्वरावर येऊन विसावतो, नेमका तोच स्वर पोकळ होतो. ऐकणाऱ्याला एवढेच जाणवते की ‘आवाजाला अंग नाही’. पेटी एक फूट पुढे ओढली की तो खड्डा ९४ हर्ट्झवर सरकतो, ४ फुटांवर नेली तर ७० वर, म्हणजे त्याच गायकाच्या खर्जाशी. निर्दोष जागा कुठलीच नाही. आपल्या ऐकण्यात कोणती जागा कमी खुपते, हे शोधायचे असते. जमिनीवर खडूने खुणा करून दोन-दोन इंचांनी पेट्या सरकवण्यात एखादी दुपार गेली, तर ती कारणी लागली असे समजावे. खुर्चीचेही तसेच. मागच्या भिंतीला पाठ टेकून बसले की खालचा सूर अंगावर येतो; खोलीच्या बरोबर मध्यावर बसले की तो नाहीसा होतो. १२ फूट लांबीत मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपास बसून सुरुवात करावी आणि दोन स्पीकर व खुर्ची मिळून समभुज त्रिकोण होईल असे पाहावे.

वरच्या स्वरांचा प्रश्न निराळा, आणि त्यावरचा उपाय घरातच असतो. खोली आवाज किती शोषते हे मोजायची रीत घालून दिली वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने. १८९५च्या सुमारास विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातले व्याख्यानाचे दालन इतके घुमायचे की शब्द कळत नसत. ते दुरुस्त करण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो हे मोजले आणि पहाटे त्या परत नेऊन ठेवल्या. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे. खोलीचे घनमीटरमधले आकारमान ०.१६१ ने गुणायचे आणि सगळ्या पृष्ठभागांच्या एकूण शोषणाने भागायचे. १० बाय १२ बाय १० ची खोली साधारण ३४ घनमीटर. फरशी, गिलावा आणि काच हे सगळे मिळून आवाज फार थोडा शोषतात, त्यामुळे रिकाम्या खोलीत तो विरायला दीड सेकंदाहूनही जास्त वेळ घेतो. संगीत ऐकायला अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर हवा. त्यासाठी १० ते १२ चौरस मीटर इतके शोषण खोलीत आणावे लागते.

हे शोषण परदेशी पट्ट्यांनीच येते असे नाही. पिंजलेल्या कापसाची जाड गादी भिंतीला उभी केली, जमिनीवर सतरंजीवर गोधडी पसरली, एका बाजूला पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट ठेवले, खिडकीला चुणीदार जाड पडदा लावला, की फरक त्याच संध्याकाळी कळतो. टाळी वाजवून बघावी. आधी टाळीच्या मागे येणारी झिणझिण नंतर विरलेली असते. मात्र पातळ गोधडी फक्त वरचे स्वर खाते. सगळ्या भिंती तिनेच मढवल्या तर खोली वरून मेलेली आणि खालून घुमणारी राहते, आणि ते मूळ दोषापेक्षा वाईट. जाडी हवी, आणि कोपऱ्यांत अधिक हवी.

एवढे झाले की स्पीकरकडे वळायला हरकत नाही. हे यंत्र आता चांगले मुरलेले आहे, ही घेणाऱ्याच्या दृष्टीने मोठी दिलाशाची गोष्ट. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५मध्ये मांडलेली चुंबक, तारेचे वेटोळे आणि कोन यांची रचना मुळातून बदललेली नाही. अॅलन ब्लमलाइनने स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज १९३१मध्ये केला. पेटी केवढी हवी आणि तिच्यात कोणता वूफर बसेल याचे गणित नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात पक्के केले. त्यामुळे आज चांगल्या कारखान्यात बनलेली जोडी पुढच्या वर्षी जुनी झाली, असे होत नाही. फोनच्या बाबतीत चालणारा हिशेब इथे लागू पडत नाही.

याचा सर्वांत चांगला दाखला म्हणजे बीबीसीचा एलएस३/५ए. सत्तरच्या दशकात बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत मावेल असा छोटा स्पीकर बीबीसीला हवा होता. अभियंत्यांनी जेमतेम फूटभर उंचीची, पातळ प्लायवूडची पेटी केली. तिच्यात केईएफ कंपनीचा छोटा वूफर आणि वरचे स्वर देणारा ट्वीटर बसवला. माणसाचा आवाज माणसासारखा ऐकू यावा, ही तिची मुख्य अट. खालचा सूर तिला फार झेपत नाही, मोठा आवाजही नाही. पण १० बाय १२ च्या खोलीत, सात-आठ फुटांवरून ख्याल ऐकायला ती आजही जमिनीवर उभ्या राहणाऱ्या अनेक महागड्या टॉवर स्पीकरपेक्षा सरस ठरते. सुमारे पन्नास वर्षे झाली तरी परवाना घेऊन ती नव्याने बनवली जाते. छोट्या खोलीत मोठा टॉवर आणला की बहुतेक वेळा खोलीचे दोषच जास्त पैसे देऊन ऐकावे लागतात.

आपल्याकडेही या कामाला परंपरा आहे. कोलकात्याची सोनोडाइन, कोचीची रेथम, आणि महाराष्ट्रातच पुण्याची केडन्स. केडन्सने वूफरच्या जोडीला स्थिरविद्युत पडदा असलेले स्पीकर बनवले. कोनाऐवजी अगदी पातळ पडदा विजेच्या दाबाने हलतो, त्यामुळे आवाज विलक्षण स्वच्छ येतो. इंग्लंडच्या क्वाडने १९५७मध्ये हेच तंत्र घरोघर नेले होते. मात्र असा पडदा धूळ ओढून घेतो आणि दमट हवेत कुरकुरतो. शेतातली माती आणि पावसाळ्यातला ओलावा यांच्यात राहणाऱ्या घरात तो घेण्याआधी नीट विचार करावा.

काय ऐकून पारख करायची? परदेशी पुस्तके ऑर्गन, पियानो आणि मोठा वाद्यवृंद सांगतात. मराठी श्रोत्याने तंबोरा ऐकावा. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागावर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी काढतात. धागा केसभर इकडे-तिकडे झाला तरी तंबोरा मिटतो किंवा खरखरतो. जागेवर आला की एका तारेतून स्वरांची सबंध कमान उलगडते. त्या कमानीत काही शे हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर असतात, आणि वूफर आपले काम ट्वीटरच्या हवाली करतो ती जागा नेमकी त्यांच्या मध्ये येते. दोघांचा सांधा नीट जुळला नसेल तर जवारी तिथे तुटते: खाली गुंजारव, वर सळसळ, मध्ये काहीच नाही. गायक सुरू होण्यापूर्वीचे तंबोऱ्याचे अर्धे मिनिट लक्ष देऊन ऐकले, तर बऱ्याच जोड्या तिथेच गळतात.

दुसरी परीक्षा जुन्या मोनो ध्वनिमुद्रिकेची. दोन्ही स्पीकरना एकच आवाज मिळत असल्यामुळे गायक बरोबर मधोमध, अरुंद जागेत उभा राहिला पाहिजे. तो पसरट झाला, किंवा काही स्वरांवर डावीकडे नि काहींवर उजवीकडे सरकला, तर जोडी नीट जुळलेली नाही किंवा खोलीच्या दोन बाजू सारख्या नाहीत. अशा मुद्रिकांचा आपल्याकडे मोठा ठेवा आहे. १९९०मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने आणि तिच्या कामात वर्षानुवर्षे राबलेल्या सुरेश चांदवणकरांनी तो जपण्यासाठी केलेले काम श्रोत्यांनी आवर्जून पाहावे. तिसरी परीक्षा घरच्या माणसाच्या बोलण्याची. फोनवर नीट ध्वनिमुद्रित केलेला आईचा किंवा बायकोचा आवाज दुकानात वाजवावा. त्या आवाजात भेसळ झाली तर कानाला सांगावे लागत नाही.

आणि डोळे मिटून ऐकावे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हर्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी अनेक वर्षे पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांची पसंती तपासली. पेटी दिसत नसली की बहुतेकांचा कौल एकाच प्रकारच्या स्पीकरकडे जातो, असे त्यांना आढळले: समोरून सपाट, समतोल आवाज देणारा, आणि बाजूंनाही तसाच आवाज हळूहळू उतरता ठेवणारा. १९९४मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी दाखवले की पेटी नजरेसमोर आली की त्याच लोकांची मते बदलतात. आकार, नाव आणि किंमत कानात शिरते. आणखी एक सावधगिरी: दोन जोड्या ताडून पाहताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी. किंचित मोठ्याने वाजणारी जोडी नेहमी जास्त चांगली वाटते, आणि विकणाऱ्याला हे ठाऊक असते.

वॅटच्या आकड्यांना फार भुलू नये. १ वॅटला १ मीटरवर ८६ डेसिबल देणारी साधी जोडी आठ फुटांवरून ७५ डेसिबलने ऐकायला अर्धा वॅटही लागत नाही. तबल्याची अचानक पडणारी थाप सांभाळायला राखीव ताकद हवी, म्हणून ५० वॅटचा स्वच्छ अॅम्प्लिफायर घ्यावा; वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. वीज जाणे-येणे आणि दाब वर-खाली होणे हे गृहीत धरावे. चांगले अर्थिंग, स्टॅबिलायझर, आणि इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचाच, एवढे पाहिले की पुरे.

टिकाऊपणाकडे घेणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष जाते, वास्तविक वीस वर्षांचा व्यवहार त्यावरच ठरतो. कळवणच्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवायला नको. उन्हाळ कांदा चाळीत भरताना तो रंगाच्या आधी मान वाळली आहे का आणि पत्ती घट्ट आहे का हे बघतो. स्पीकरची मान म्हणजे कोनाभोवतीची कडा. ती फोमची असेल तर दमट हवेत दहा ते वीस वर्षांत भुगा होते. बोट लावले तर काळी पूड हाताला लागते. चांगल्या ब्यूटाइल रबराची कडा अनेक दशके जाते. आत वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील तर ते कालांतराने सुकतात आणि आवाज बदलत जातो. फिल्मचे कपॅसिटर जास्त टिकतात. पेटीला पुढून जाळी हवी, कारण लहान मुलांची बोटे ट्वीटरच्या घुमटाकडे हमखास जातात. मागे हवेचे भोक असेल तर उंदराचा आणि झुरळांचा बंदोबस्त आधीच करावा.

म्हणून विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत. या जोडीचा वूफर पुढच्या दहा वर्षांत सुटा मिळेल का? कंपनीने आपल्या जुन्या मॉडेलचे भाग किती वर्षे पुरवले आहेत? कॉइल जळाली तर कोन बदलून देणारा कारागीर कुठे आहे, आणि पेटी त्याच्याकडे न्यायची कोणी? घरी नेऊन आठ दिवस ऐकू द्याल का? शेवटच्या प्रश्नाला होकार देणारा दुकानदार चार पैसे जास्त घेत असला तरी त्याच्याकडूनच घ्यावे. कंपनीचे भाग मिळत नसतील, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, सुट्या भागांचा शोध घेण्याची तयारी ठेवावी. काही प्रसिद्ध जोड्यांचे वूफर असे घडवलेले असतात की त्यांना पर्यायच नसतो. अशी जोडी कितीही गोड वाजली, तरी दीर्घकाळासाठी घेऊ नये.

पहिल्या प्रकरणात खोली मोजण्याची रीत आहे. तिच्यासाठी लागते ती मोजपट्टी, खडू, कागद आणि रिकाम्या खोलीत टाळी वाजवून ऐकणारे दोन कान. रूम ईक्यू विझार्ड हा मोफत मिळणारा संगणकाचा प्रोग्राम आणि मोजणीचा छोटा मायक्रोफोन त्यानंतर येतो. स्पीकरच्या मॉडेलची आणि किमतींची चर्चा मुद्दामच चौथ्या प्रकरणापर्यंत पुढे ढकलली आहे.